वर आलीस की कळव

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार घालायला खोली तेवढी लांब नाही, तेव्हा उभ्यानेच करते.

तीन वर्षं झाली तरी तिथलं वर्णन का करत नाहीस, असं तू विचारलंस. करण्यासारखं फारसं नाही म्हणून. एक खाण आणि खाणीला टेकून बसलेलं छोटंसं शहर. कंपनीची घरं एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. पहिल्या महिन्यात मी दोनदा दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावली, आणि दुसऱ्या वेळी ती लागलीसुद्धा. आत एक वेल्डर दाढी करत होता. त्याने शांतपणे मला माझं दार दाखवलं. खिडकी सकाळी पुसली की संध्याकाळी तिच्या चौकटीवर बोटाने नाव लिहिता येतं, एवढी धूळ. रोज दुपारी साडेचारला खाणीत सुरुंग उडवतात, आणि माझ्या कपाटातले काचेचे पेले किणकिणतात. पहिल्या दिवशी मी टेबलाखाली शिरले होते. आता त्यावर घड्याळ लावते.

ते टेबलही माझं नव्हे. कंपनीच्या घरांत सगळेच परदेशातून दोन-तीन वर्षांसाठी येतात, जाताना सामान मागे ठेवून जातात आणि ते पुढच्याच्या घरी जातं. माझ्या टेबलाचे आतापर्यंत सात मालक झाले. खाली वाकून बघितलं तर प्रत्येकाने आपापल्या लिपीत काहीतरी लिहून ठेवलंय. मला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही.

काम म्हणशील तर तेच, मोजणी. ऑफिसात बसून नकाशे करायचे. आमच्या दारावर एक जण असतो, मी बाहेर पडल्याशिवाय तो जागचा हलत नाही. एकदा मला उशीर झाला तर चहाला सुद्धा गेला नाही.

आता मुद्द्याचं. मेअखेर माझा करार संपतो. आणखी तीन वर्षांसाठी सही कर म्हणतात. मला काम आवडतं, खोटं कशाला सांगू. पण तू एकाहत्तर वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर एकटी. आईबाबांमागे तू मला वाढवलंस, आणि आता तुझ्याजवळ बसायची पाळी माझी आहे हे मला कळतं. तुझं सगळं नीट चाललं असेल तरच सही करीन. नसेल तर सरळ लिही, मी येते.

एक काम आहे. जाड कापडाच्या दोन विजारी शिवून पाठवशील? गुडघ्यावर कापड दुहेरी घाल. इथे मिळतात त्या पुरुषी मापाच्या, मी त्यात हरवते. मापासाठी जुनी सोबत पाठवली आहे.

तुझी
बुटकी


१७ फेब्रुवारी

बुटके,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्राला नव्याने काढायचे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा बातमीसाठी, एकदा तुझं अक्षर किती बिघडलंय ते बघायला, आणि तिसऱ्यांदा त्या ‘एक जण असतो’साठी. तू बाहेर पडल्याशिवाय हलत नाही, चहाला जात नाही. अगं, असं माणूस आजकाल शोधून सापडत नाही आणि तू ते अर्ध्या ओळीत उरकतेस? वय काय? घरी कोण कोण? पितो का? आपली भाषा येत नसेल तर त्याचं काही नाही. नवऱ्याशी भांडण्यापुरती भाषा आपोआप येते.

माझं विचारशील तर मी ठणठणीत आहे. तीन जिने दिवसातून दोनदा चढते-उतरते. समोरच्या दारातले ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून पुस्तकांऐवजी आमच्यावर देखरेख ठेवतात. खालच्या मजल्यावरची नर्स येता-जाता डोकावते. मला कसलीही कमी नाही. तेव्हा गुपचूप सही कर. माझं निमित्त करून परत आलीस तर मी दार उघडणार नाही, आधीच सांगून ठेवते.

विजारींना थोडा उशीर होईल. मशीनची सुई सारखी तुटतेय, कारागिराला बोलावलंय.

आणि गुडघ्यावर दुहेरी कशाला गं?

आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

तो ‘एक जण’ त्रेसष्ट वर्षांचा आहे. पुढचे दोन दात नाहीत. बायको आहे, तीन नातवंडं आहेत आणि चौथ्याची वाट बघतोय. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो असं ऐकलं होतं, इथे नवऱ्याचा पत्ता नाही आणि आत्याच बाशिंग घेऊन उभी.

गुडघ्यांचं म्हणशील तर आमचे नकाशे फार मोठे असतात, टेबलावर मावत नाहीत. जमिनीवर पसरून गुडघे टेकूनच काम करावं लागतं. एवढंच.

इथली भाषा आता बरी यायला लागली आहे. आकडे आधीच येत होते, ते माझं पोटापाण्याचंच काम. कोपऱ्यावरची पाववाली पहिली दोन वर्षं मी न बोलताच मला नेहमीचा पाव काढून द्यायची. परवा मी तिला पूर्ण वाक्यात वेगळा पाव मागितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीचाच दिला. म्हणजे आता मी इथली झाले असं समजायला हरकत नाही.

रविवारी फोनवर तुझ्यामागे कुणीतरी बाई बोलत होती. नर्स आली होती म्हणालीस. त्याच्या आधीच्या रविवारीही तीच होती. तुझी सुई बरेच दिवस तुटतेय, कारागीर आला का?

तुझी
बुटकी


१६ मार्च

बुटके,

विजारी सोबत आहेत. घालून बघ आणि कमरेत कशा बसतात ते लिही.

आता जरा ताठ बस. मी पस्तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. माणूस काय करतो ते मी त्याच्या कपड्यावरून सांगते, तोंडावरून नाही. तोंड खोटं बोलतं. खुर्चीत बसणाऱ्याची विजार बुडाशी विरते. तुझी तिथे कोरी करकरीत आहे. गुडघे मात्र पार गेलेले. बरं, तू म्हणतेस तसे नकाशे जमिनीवर पसरता असं धरू. मग शिवणीत ती करडी पूड कसली? दोन पाण्यांतून काढली तरी तिसरं पाणी करडंच. आणि कमरेचा पट्टा डावीकडे खाली ओढला गेलाय, दोन बोटं. तिथे तू रोज काहीतरी वजनदार लटकवतेस. नकाशे काढणारी बाई कमरेला वजन बांधून बसते होय?

मी खालच्या नर्सला विचारलं. तिचा एक पेशंट खाणीत होता. तो म्हणे डोक्यावर दिवा लावून जमिनीखाली उतरायचा आणि दिव्याची बॅटरी कमरेला बांधायचा.

तू खाली जातेस. तीन वर्षं जातेस. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, खरं काय ते लिही. मी रागावलेली नाही. म्हणजे रागावलेच आहे, पण तो राग घडी घालून बाजूला ठेवलाय, तुझं उत्तर येईपर्यंत.

आत्या


३१ मार्च

प्रिय आत्या,

कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही. हो, मी खाली जाते. रोज सकाळी सहाला, लिफ्टच्या पिंजऱ्यातून, सहाशे मीटर. तीनला वर येते. बोगदे किती पुढे गेले, छत किती खचलं, दोन बाजूंनी खणत येणारे मधे नेमके भेटतील की नाही, हे मोजायचं. बुटकी असण्याचा फायदा जगात कुठे होत असेल तर तिथे. मी सरळ चालते तिथे बाकीचे वाकून चालतात. मला ते आवडतं आत्या. तुला बंद जागेची धास्ती आहे हे माहीत होतं म्हणून सांगितलं नाही. चुकलं माझं.

आता परवाचं सांगते, म्हणजे दारावरचा तो म्हातारा कोण ते कळेल. खाणीच्या तोंडाशी भिंतीवर एक फळी आहे, तिचे दोन भाग. एकावर लिहिलंय ‘वर’, दुसऱ्यावर ‘खाली’. प्रत्येकाचा पितळी बिल्ला आहे. माझा दोनशे बारा. उतरताना तो आपल्या हाताने ‘खाली’ला लावायचा आणि आल्यावर ‘वर’ला. एकही बिल्ला ‘खाली’ असेल तर सुरुंग उडवायचे नाहीत. तो म्हातारा दिवसभर त्या फळीसमोर बसतो. आम्ही त्याला फळीवाले म्हणतो.

परवा मी तीनला वर आले. पोस्टातून निरोप होता, पार्सल आलंय. पोस्ट साडेतीनला बंद होतं. पाळी सुटल्याच्या गर्दीतून मी तशीच पळाले, विजारी घेतल्या, घरी येऊन पार्सल फोडलं. बिल्ला ‘खाली’च राहिला.

विजारी हातात घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. साडेचारला पेले वाजले नाहीत, तेही माझ्या लक्षात आलं नाही. सहाच्या सुमारास दार वाजलं. दारात फळीवाले आणि आमचा साहेब. दोन तुकड्या दीड तास खाली मला हाका मारत फिरत होत्या. आदल्या दिवशी मी कुठे मोजलं, त्याच्या आधी कुठे मोजलं, ते सगळे बोगदे पालथे घातले. मला फोन केले होते, पण माझा फोन डब्याच्या पिशवीत तळाशी होता. फळीवाल्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, साहेबांच्या हातातला वायरलेस घेतला आणि त्यात दोनच शब्द बोलले, “वर आहे.” मग माझ्याच पायरीवर बसले. माझा बिल्ला त्यांच्या मुठीत होता. मूठ उघडली तर तळहातावर आकडा उमटलेला. मला वाटलं आता शिव्या देतील. ते म्हणाले, “पाणी दे.” आत्या, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

आणि विजारी हातात घेऊन मी बसले कशासाठी, ते विचार. काज तू केलेली नाहीत. शिवण तुझी आहे, जरा नागमोडी आहे, पण तुझी. काज मात्र दुसऱ्या कुणाची. तू काज दुसऱ्याला करू देशील? माझ्या शाळेच्या सदऱ्याची काज शेजारणीने केली तर तू उसवून पुन्हा केली होतीस. काजाला दोन्ही हात लागतात, एकाने कापड धरावं लागतं. तुझा डावा हात कुठे आहे? दोन्ही रविवारी नर्स तुझ्याकडे काय करत होती?

मी साहेबांना सांगितलंय की सही करणार नाही. मेअखेर येते.

तुझी
बुटकी


१३ एप्रिल

बुटके,

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. तुझ्या विजारीची झडती घेताना आपल्या काजांकडे माझं लक्षच गेलं नाही. काज नर्सने केली. टाके घालायची तिला सवय आहे, पण माणसांना.

पडले. दहा फेब्रुवारीला सकाळी सहाला, मोरीत, साबणावरून पाय सरकून. डावं मनगट मोडलं. तुला ‘ठणठणीत’ लिहिलं तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. उजवा ठणठणीत होता आणि लिहिलं त्यानेच, तेव्हा अगदीच खोटं नाही.

मनगटाचं काही नाही गं, ते जुळलं. दुसरंच सांगायचंय, ते कुणाला बोलले नाही. मला उठताच येईना. नळ चालू, दाराला आतून कडी. हाका मारल्या. ग्रंथपाल सकाळी रेडिओ मोठ्याने लावतात, नर्स त्या दिवशी पहाटेच ड्युटीवर गेलेली. एक वाजता ती आली, जिन्यात पाणी आलेलं बघितलं, मग दार फोडलं. सात तास. मरायची भीती नाही वाटली मला, देवाशपथ. पण जिन्यातून माणसं खाली-वर करतायत, मला त्यांच्या चपलांचा आवाज येतोय आणि त्यातल्या एकालाही मी पडलेय हे माहीत नाही, हे फार वाईट वाटलं. तुला आठवतंय का, पाच वर्षांची असताना तू कापडाच्या पेटीत लपलीस आणि तिथेच झोपलीस. मी सगळी आळी डोक्यावर घेतली होती. विहिरीत गळ टाकायला लावला होता. मला वाटलं, हिच्यासाठी मी गळ टाकला, माझ्यासाठी कोण टाकणार.

तुला लिहिलं असतं तर तू आली असतीस. ते मला नको होतं. अजूनही नको आहे. माझ्या मनगटापायी तू तुझं आवडतं काम सोडून इथे येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसशील, आणि दोन महिन्यांत आपण एकमेकींचा गळा धरू.

तुझ्या फळीचं वाचलं आणि रात्रभर डोक्यातून जाईना. सकाळी सुताराकडून एक फळी आणली. जिन्यात, दिव्याच्या बटणाशेजारी लावली. बिल्ले कुठून आणू? माझ्याकडे ओव्हरकोटाची मोठी बटणं होती, ती लावली. काळं माझं, तपकिरी ग्रंथपालांचं, पांढरं नर्सचं, तीही एकटीच राहते. दोन खुंट्या प्रत्येकी. झोपायला जाताना बटण डावीकडे, सकाळी आठच्या आत उजवीकडे. ग्रंथपालांनी आधी नाकं मुरडली. मग वर खडूने आमचे मजले लिहिले, वळणदार अक्षरात.

तेव्हा तू यायची गरज नाही. सही कर.

आत्या


२५ एप्रिल

प्रिय आत्या,

सात तास. हे एवढंच मी चार दिवस मनात म्हणतेय. बाकीचं पत्र नंतर वाचलं.

तुझ्यावर ओरडायचा मला हक्क नाही, मी तीन वर्षं लपवलं, तू दोन महिने. पण रविवारी फोनवर तुझा हात प्लास्टरमध्ये आणि तू मला मी जेवले का ते विचारतेस, हे आठवलं की राग येतो आणि रडूही येतं. मला काय वाटतं ते इतकंच आहे.

तुझ्या बटणांचं मी फळीवाल्यांना सांगितलं. त्यांना फार आवडलं. काळं बटण केवढं मोठं, किती भोकांचं, सगळं विचारलं. मग त्यांनी एक प्रश्न केला, तो तुला विचारते. फळीकडे बघतं कोण? ते म्हणाले, “मी इथे यायच्या आधीही फळी होती. एकदा एकाचा बिल्ला दिवसभर ‘खाली’ होता. सगळे त्याच्यासमोरून घरी गेले. फळी आपली भिंतीवर टांगलेली असते, तिला काय.” त्या माणसाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

तुझे ग्रंथपाल रेडिओ मोठ्याने लावतात. नर्स आठ वाजले की बससाठी पळते. आठ वाजता तुझं काळं बटण डावीकडे दिसलं तर कोण थांबणार? पहिला आठवडा सगळ्यांना हौस असते. तुझी युक्ती चांगली आहे, पण तिच्या भरवशावर मी तीन वर्षांची सही करू शकत नाही. मी तिकिटाची चौकशी केली आहे. टेबल कुणाला द्यायचं तेही ठरवलंय.

साहेब म्हणतात, एकतीस मेपर्यंत तुझी जागा कुणाला देत नाही. मी म्हटलं, देऊन टाका. ते म्हणाले, बघू.

तुझी
बुटकी


८ मे

बुटके,

तुझ्या म्हाताऱ्याचा प्रश्न बरोबर होता. तो मला पडला नव्हता, कारण मी मास्तरीण. आपण नियम सांगितला की जग तो पाळतं, असं मास्तरणींना वाटतं.

आता ऐक काय झालं ते, आणि हसू नकोस. मंगळवारी मला सहालाच जाग आली. डाक्तरांनी मनगटाला व्यायाम सांगितलाय, भाजीची पिशवी डाव्या हाताने उचलायची. म्हटलं, बाजार उघडताना जाऊ, गर्दी नसते. दार ओढून घेतलं, नवी कडी ओढली की आपोआप बसते. गेले. भाजी घेतली, एक कोबी निवडायला अर्धा तास घालवला, वाटेत जुनी विद्यार्थिनी भेटली, तिच्या मुलीच्या फ्रॉकचा गळा चुकला होता तो रस्त्यातच सांगून आले. पावणेनऊला जिना चढते तर वर माणसांचा आवाज. माझं दार उघडं. कडी पुन्हा मोडलेली. आत सुतार, मोरीच्या दाराशी. नर्स गणवेशात, ड्युटीची बस सोडून परत आलेली. आणि ग्रंथपाल जिन्याच्या पायरीवर बसलेले, एका पायात चप्पल, एका पायात बूट. मुठीत माझं काळं बटण.

मी बटण फिरवलंच नव्हतं. विसरले. तुझ्यासारखीच, पण तू पार्सलसाठी आणि मी कोबीसाठी.

आधी मला कडीचा राग आला. तीन महिन्यांत दुसरी कडी. तोंड उघडणारच होते, एवढ्यात नर्स म्हणाली, “आठ वाजून दहा मिनिटांनी यांनी मला फोन केला. म्हणाले, काळं डावीकडेच आहे.” मी ग्रंथपालांना विचारलं, तुम्ही तर रेडिओ ऐकत असता. ते म्हणाले, “फळी लागल्यापासून लावला नाही. दार उघडं टाकून बसतो. रोज आठला तुमचं काळं उजवीकडे गेलं की मग लावतो.” इतकंच बोलले आणि मान खाली घालून बसले. बटण काही मुठीतून सोडलं नाही.

दहा मिनिटं बुटके. मागच्या वेळी सात तास आणि आता दहा मिनिटं. मी कोबी पायरीवर ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसून रडले. सुतारासमोर. सत्तरी ओलांडलेली बाई. नर्सने सगळ्यांना चहा केला, माझ्याच स्वयंपाकघरात, आणि साखर कुठे आहे ते तिला विचारावं लागलं नाही.

तर तुझ्या म्हाताऱ्याला सांग, फळीकडे बघणारा आहे.

आता व्यवहाराचं बोलू. कापड विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीला मी कधी कापड घेतलं नाही. ते तीन वर्षं म्हणतात, तू दोन म्हण. वर दरवर्षी एक महिन्याची रजा माग. मिळेल. तुझं माप त्यांना दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही, हे त्यांना कळतं, म्हणून तर साहेब ‘बघू’ म्हणाला.

आणि एक. मी फळीवर चौथं बटण लावलंय. निळं, तुझ्या लहानपणच्या कोटाचं. त्याच्यामागे कापडाची चकती लावून तिच्यावर लाल दोऱ्याने दोनशे बारा काढलंय, एका हाताने कापड धरून आणि दुसऱ्याने सुई, म्हणजे मनगट किती सुधारलंय ते समज. तू खाली असतेस तेव्हा ते डावीकडे असतं. ते उजवीकडे कसं न्यायचं? तर माझी अट अशी. फोनवर लांबलचक वाचत बसायचं नाही, मजकूर कागदावरच, हे माझं म्हणणं कायम आहे. पण वर आलीस की रोज फोनवर एक शब्द पाठवायचा, ‘वर’. तेवढा मी वाचीन. आला नाही तर मी आळी डोक्यावर घेईन, आणि मला येतं ते.

सोबत एक काळं बटण आहे, माझ्याच्या जोडीचं. तुझ्या फळीवाल्यांना दे. सांग, आत्याने दिलंय.

आत्या


२० मे

प्रिय आत्या,

दोन वर्षं, आणि दरवर्षी एक महिना रजा. साहेबांनी एकदाच सुस्कारा टाकला आणि कागद बदलून आणले. काल सही केली. पहिली रजा जूनच्या पंधरा तारखेपासून. दार उघडशील ना? कडी घालू नकोस, आता तिसरी परवडायची नाही.

तुझं बटण फळीवाल्यांना दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, फुंकर मारली, आणि फळीच्या ‘वर’च्या बाजूला सगळ्यांत वरच्या रांगेत, माझ्या खिळ्याशेजारी एक नवा खिळा ठोकला. मला वाटलं शोभेला. तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा बिल्ला काढायला गेले, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि काळ्या बटणाकडे बोट करून विचारलं, “ती वर आहे?” तुमच्याकडे तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. मी नर्सला फोन केला, तुला विचारलं तर तू ‘ठणठणीत’च म्हणशील म्हणून. ती म्हणाली, उजवीकडे आहे, मघाशीच फिरवलं, आता रेडिओ पण लागलाय. मी त्यांना तसं सांगितलं. मगच त्यांनी मला उतरू दिलं. आता हे रोज चालतं. मागे रांगेत उभे असलेले ड्रिलवाले, दिवेवाले, सगळे थांबतात. परवा मला फोन लागायला वेळ लागला तर पिंजरा चार मिनिटं थांबला. कुणी कुरकुर केली नाही.

टेबल कुणालाच दिलं नाही. खाली मीही एक ओळ लिहिली, आपल्या अक्षरात. पुढच्या मालकाला ती वाचता येणार नाही.

नवी विजार घातली आहे. कमरेत नीट बसते. काज मी उसवली नाहीत.

आज तीनला वर आले, बिल्ला लावला, दोनदा बघितला. तुला शब्द पाठवला. घरी येऊन हे लिहायला बसले आणि आत्ता साडेचार झाले. कपाटातले पेले वाजतायत. म्हणजे सगळे वर आहेत.

तुझी
बुटकी